"हिला हुंगा, साहेब"

"हिला हुंगा, साहेब. वास या लोकांच्या अंगाला आहे. आमच्या कंपनीला नाही."

मॅनेजरने मला दंडाला धरून पुढे ओढलं होतं. कंपनीच्या गेटवर. सगळ्या गावासमोर.

खालापूरच्या बाजूला आमचं गाव. गावाला लागून कंपनी. तिथे जनावरांची हाडं उकळून भुकटी करतात. मी त्या भुकटीची पोती भरायचे. माझी धाकटी जाऊ, सुमन, तीही. वास असा, की घास उतरत नाही. पोरं झोपेत ओकतात. गावाने तक्रार केली म्हणून प्रदूषणवाले साहेब आले होते. पण आधी कंपनीला कळवून. त्या दिवशी सकाळपासून बॉयलर थंड. गेटवर फिनेल ओतलेलं.

"आत्ता तर काही वास येत नाही," साहेब म्हणाले होते. त्यावर मॅनेजरने मला ओढलं.

साहेबांनी खरंच मान पुढे केली. रुमाल नाकाला लावला. दोघं हसले.

मी रोज दगडाने अंग घासायचे. कातडी लाल होईस्तोवर. आपणच घाण, असं मलाही वाटायचं. ते हसले आणि ते वाटणं तिथंच संपलं.

"सांग गं, कंपनीत वास येतो का?" मॅनेजरने विचारलं.

सुमन मागून कुजबुजली, "ताई, नाय म्हण. पाया पडते."

मी म्हणाले, "येतो. तुमच्या हाडांचा हाय. माझ्या अंगाला तुमीच लावलाय. साहेब, आज बॉयलर बंद ठेवलाय. एकदा न सांगता या."

साहेबांनी लिहिलं, वास आढळला नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या बायकांना गेटवरून परत पाठवलं. एकट्या मला नाही. सगळ्यांना. सुमनला नवरा नाही. दोन पोरं आहेत.

"तू खरं बोललीस," ती म्हणाली. "पण माझ्या पोरांच्या तोंडचं काढून बोललीस गं."

ती आता कर्जतला लोकांची भांडी घासते. दारावरून जाते, पण मान वळवत नाही. माझ्या घरात नवऱ्याचा पगार येतो. मी जेवते, आणि मला लाज वाटते.

बॉयलर पुन्हा पेटला. वास तसाच.

सुमनकडे मी माफी मागणार नाही. माफ कर म्हणणं म्हणजे माझा भार पुन्हा तिच्याच डोक्यावर. तो माझा आहे. बॉयलर पेटला की मी साहेबांना फोन लावते. ते उचलत नाहीत. मी लावतेच. ते येतील तेव्हा मी गेटवर असेन.

आणि पुन्हा तेच बोलेन.