चकरीच्या दातांवरचं कुंकू

वच्छला गेली तेव्हा गाडी चालू होती. मी यवतमाळच्या दवाखान्यातून सकाळच्या बसनं दारव्ह्याला घरी आलो होतो, आणि मला तिनंच पाठवलं होतं. "जाऊन या घरी. गाडी लय दिवसांची बंद हाय, जाम होईन. चालू करा, थोडा वेळ चालू द्या, मंग या." पोरगी सुनंदा तिच्याजवळ बसून होती, म्हणून मी आलो. टिनाच्या शेडमध्ये जाऊन गाडीवरची ताडपत्री काढली आणि चालू केली. त्या गाडीचा आवाज असा, की बाजूचा माणूस बोलला तर ऐकू येत नाही. शेजारची गंगाबाई फाटकातून आत आली, काहीतरी बोलत होती. मी हात वर करून तिला थांब म्हटलं, मला इंजिन ऐकायचं होतं. ती थांबली. मग तिनं पदर तोंडाला लावला... तेव्हा मी चावी फिरवली. सुनंदाचा फोन तिच्याकडे आला होता. इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत वाटलं, की गंगाबाईनं काही सांगायची गरजच राहिली नाही.

लोक विचारतात, तुमच्यासारख्या माणसाकडे ही गाडी कुठून आली. दोन माणसांची, छत नसलेली, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. ती जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेठच्या बापाची. मी त्या जिनिंगमध्ये फिटर होतो आणि वच्छला तिथंच बायांमध्ये बसून कवडी निवडायची, म्हणजे चांगल्या कापसातून डागी कापूस वेगळा करायची. आमचं लग्न व्हायच्या आधीपासून ती तिथं होती. मला गंमतीनं म्हणायची, "मशिनी मी आधी पाह्यल्या, तुमी मांगून आले." मग कापसाचे ते वाईट दिवस आले. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या यायच्या कमी झाल्या, मग आल्याच नाहीत. शेठनं मशिनी भंगारात काढल्या आणि कुटुंब घेऊन नागपूरला गेला. जायच्या आधी मला बोलावून म्हणाला, "गोदामात बाबांची गाडी आहे. भंगारवाला नेईल, त्यापेक्षा तू ने." मी नाही म्हणून आलो. मला काय करायची होती ती? घरी येऊन सांगितलं तर वच्छला भाकर थापता थापता थांबली आणि म्हणाली, "काहून नाही म्हटलं? जा, घेऊन या."

ती असं का म्हणाली ते सांगतो. स्पष्टच लिहितो, या वयात लपवून काय करायचं. त्या सालात मला जगायचं नव्हतं. माझ्यासोबत प्रेसवर कापसाच्या गाठी बांधणारा नामदेव होता, हसता-खेळता माणूस, त्यानं स्वतःचं बरंवाईट करून घेतलं. त्याला पोचवून आल्यावर मी रोज त्या बंद जिनिंगमध्ये जाऊन बसायचो. मशिनी गेल्या होत्या, खाली नुसते बोल्ट उभे होते. दिवसभर त्या बोल्टांकडे पाहत राहायचो. घरी येऊन जेवायचो, कोणाशी बोलायचो नाही. आणि एक बाटली आणून मी घराच्या छपरात एका कवेलूखाली ठेवली होती. एक दिवस पाहिलं तर ती तिथं नव्हती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी तिनं वांग्याची भाजी केली होती, एवढं आठवते.

तर गाडी आणली. बैलगाडीला दोर बांधून बाजारातून ओढत आणली. सगळ्या गाडीवर कापसाची रुई बसलेली, म्हाताऱ्याच्या केसांसारखी. स्टेअरिंगवर मी बसलो होतो आणि वच्छला बाजूनं पायी. चौकातले लोक ओरडले, "काय भाऊ, नवरदेव गाडीत अन् नवरी पायदळ?" ती थांबून म्हणाली, "नवरीनं पाह्यलं हाय नवरदेवाले. पहिले गाडी चालू होऊ द्या, मंग बसतो." सारा चौक हसला. मी नाही हसलो. पण घरी आल्यावर गाडीचं नाक उघडलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच उभा राहिलो. जिनिंगकडे गेलो नाही.

इंजिन जाम होतं. उतरवलं, अंगणात लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलं आणि पूर्ण खोललं. मी जिनिंगचं मोठं डिझेल इंजिन जाणत होतो, पण हे नाजूक. वच्छला घासलेटात एकेक भाग धुवायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर ओळीनं मांडायची. ती विचारायची आणि मी सांगायचो, त्यामुळे माझं बोलणं पुन्हा सुरू झालं. इंजिनात दोन दांडे असतात. खालचा क्रँक, तो पिस्टन वरखाली करतो. वरचा कॅम, तो वॉल, म्हणजे हवा आत-बाहेर सोडायची झाकणं, उघडतो आणि बंद करतो. दोघांच्या टोकाला दातेरी चकऱ्या असतात आणि दोघींवरून एक चेन जाते. खालचा दोनदा फिरतो तेव्हा वरचा एकदा. चेन चढवताना कोणता दात कोणासमोर, ते नेमकं पाहिजे. एक दात इकडंतिकडं झाला तर वॉल चुकीच्या वेळी उघडतो आणि इंजिन चालत नाही. याला टायमिंग म्हणतात. कंपनी चकरीवर खूण देते, पण आमच्या चकऱ्या शेठच्या बापानं कधीतरी लेथवर करून घेतलेल्या, कोऱ्या होत्या. म्हणून खोलायच्या आधी मी दोन्ही चकऱ्यांच्या एकेका दाताला खूण केली. रंग घरात नव्हता. वच्छलानं करंड्यातलं कुंकू खोबरेल तेलात कालवून दिलं, आणि वरच्या चकरीचा टिळा तिनंच लावला.

पाऊस झाला, पोळा झाला, नवरात्र आलं. तोवर इंजिन बसवत आणलं होतं. हेड चढलं, दोन्ही चकऱ्या जागेवर, कुंकवाच्या खुणा समोरासमोर. फक्त चेन चढवायची बाकी होती, आणि मी म्हटलं दसरा झाला की चढवू. दसऱ्याला जिनिंगमध्ये मशिनी धुऊन पुसून चाकाचाकाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, कामगारांच्या बायका ताट घेऊन यायच्या. त्या साली पूजायला मशीनच नव्हती. मी सकाळी बाजारातून झेंडू आणायला गेलो. परत आलो तर वच्छलानं पाने-हातोड्या पाटावर मांडल्या होत्या, इंजिनाला फुलं वाहिली होती आणि दोन्ही चकऱ्यांच्या... एकूणएक दाताला कुंकू लावलं होतं. चकऱ्या लालेलाल. खूण कोणती, टिळा कोणता, काही कळेना.

मी झेंडू खाली टाकला. "हे काय करून ठेवलं वच्छे?"

"पूजा केली."

"अन् चकऱ्या फिरवल्या कायले?"

"फिरवल्याबिगर खालच्या दातांले कुंकू कसं लागन?"

मी अंगण डोक्यावर घेतलं. अडाणी म्हटलं, तिच्या माहेरचा उद्धार केला. एरवी एका शब्दाला चार देणारी बाई, त्या दिवशी गप उभी राहिली. माझं ओरडून झाल्यावर तिनं खाली पडलेला झेंडू वेचला आणि म्हणाली, "चुकलं असन. मंग पुन्हा पाहू. घाई कायची हाय? कुठं जाचं हाय तुमाले?"

मग सगळा हिवाळा त्यात गेला. खालच्या चकरीचं सोपं होतं. प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार सोडायची आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. तार वर येते, टोकाला जरा थांबते, मग खाली जायला लागते. जिथं थांबते तिथं पिस्टन वर. वच्छला तारेवर नजर लावून बसायची आणि "आली... आली... थांबा" म्हणायची. वरच्या चकरीचा दात मात्र अंदाजानं शोधावा लागत होता. एक दात धरायचा, चेन चढवायची, मग मी हँडल फिरवायचो आणि ती प्लगच्या भोकावर बोट ठेवायची, हवा कधी ढकलते आणि कधी ओढते ते सांगायला. कवडी निवडून निवडून तिच्या बोटांना कापसाच्या पुंजक्यातला काडीकचरा न पाहता कळायचा, तर हवा काय. हे काम एका माणसाचं नाहीच. हँडल पुढं, भोक वर, एकाचा हात दोन्हीकडे पुरत नाही. मग सगळं जोडून चालू करून पाहायचं. एकदा कार्बोरेटरमधून उलटा भडका आला आणि माझ्या मिशा जळाल्या. ती हसून हसून खाली बसली. "इंजिन बी तुमच्यावानीच हाय. सकाळी सकाळी खेकसते." आणि मी पण हसलो... नामदेव गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो असेन. हसणं थांबल्यावर ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

फाटकाजवळ लोक थांबायला लागले. कोणी म्हणे फिटर येडा झाला, कोणी मोटरपंप घेऊन यायला लागलं, "भाऊ, हे पाहा बरं जरा." मी पाहून द्यायचो. फागुन लागेपर्यंत अंगणात माझी गाडी एका बाजूला आणि लोकांचे पंप दुसऱ्या बाजूला. एका सकाळी मी पुन्हा चेन काढून बसलो होतो, वैतागलेलो. वच्छलानं भोकावरचं बोट उचललं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "एक दात मांगं घेऊन पाहा बरं." मी म्हटलं तुले काय कळते. ती म्हणाली, "पाहा तं खरं." मी एक दात मागं घेतला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. असा गोड आवाज, की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली. मला वाटलं तिच्या बोटाला कळलं. लोकांना वर्षानुवर्षं मी तेच सांगत आलो, माझ्या बायकोच्या बोटात टायमिंग आहे. मग तिला बाजूला बसवून रेल्वे फाटकापर्यंत नेलं. तिनं पदर कानामागून घट्ट बांधला होता, आणि चौकात आल्यावर तिनं सगळ्यांना नवरीसारखा नमस्कार केला.

त्यानंतर पंपांच्या कामावर आमचं घर चाललं, सुनंदाचं लग्न झालं. जिनिंगच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे, मी तिकडून जात नाही.

तिच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात, मला घरी पाठवलं त्याच्या आदल्या दुपारी, वच्छला म्हणाली, "एक सांगू का? रागावसान नाही ना?"

"बोल."

"दसऱ्याचं कुंकू... ते चुकून नव्हतं लावलं."

मला वाटलं तापात बरळून राहिली. मी कपाळाला हात लावला तर तिनं तो बाजूला केला. "एका दिवसाचं काम राह्यलं होतं तुमचं. झालं असतं तं पुन्हा त्या बोल्टांपाशी जाऊन बसले असते तुमी. बाटली तं मी फेकली. रिकामं डोस्कं कुठं फेकू?"

मी तिची चादर सारखी केली. मग ती हळूच म्हणाली, "दात मले मालूम होता. वरच्या चकरीले एका जागी खांडा हाय ना, खाच पडलेली, त्याच्या बाजूचाच. टिळा मीच लावला होता."

"म्हणजे सारा हिवाळा तुले मालूम होतं? मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना. फागुनात." आणि तशा अवस्थेत हसली. "तुमी कुंकवाकडं पाहत होते. मी दाताकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, जाऊन या घरी, गाडी जाम होईन. मी गेलो. आता कळते की मला तिनं पुन्हा एकदा कामाला लावून दिलं होतं... ती जायची होती आणि मी समोर नको होतो. इतक्या वर्षांत दोनदा फसवलं तिनं मला, आणि दोन्ही वेळा इंजिन पुढं करून.

तेरवी झाली. सुनंदा बाभुळगावला तिच्या घरी परत गेली, जाताना म्हणाली, "बाबा, चाला माह्यासंग." मी नाही गेलो. घरात भांडं पडलं तरी मी दचकतो, आणि नाही पडलं तरी दचकतो. सकाळी उठून कायले उठलो ते कळत नाही. एक दिवस मी शेडमध्ये गेलो आणि चांगलं चालणारं इंजिन खोललं. पुढचं झाकण काढलं, चेन काढली. तार भोकात सोडली, हँडल धरलं आणि तसाच उभा राहिलो. तार पाहू की हँडल फिरवू? फिरवलं. "आली" म्हणायला कोणी नव्हतं. तार कधी थांबली आणि कधी उतरली, मला दिसलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळंच.

दसऱ्याच्या सकाळी सुनंदाचा फोन आला. "बाबा, यंदा आपल्याकडं सण नाही पाळत, माहीत हाय ना?" मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि देव्हाऱ्याजवळचा वच्छलाचा करंडा उचलला. तिच्या बोटाचा खड्डा त्यात अजून तसाच होता. तो मोडायची हिंमत होईना, म्हणून कडेकडेचं कुंकू घेतलं, खोबरेल तेलात कालवलं आणि शेडमध्ये जाऊन बसलो. खालच्या चकरीच्या दातांना लावलं. मग वरची चकरी फिरवत फिरवत एकेका दाताला लावत गेलो. खांड्याच्या बाजूचा दात आला. तोच. हात थांबला. त्याला पण लावलं, बाकीच्यांसारखंच, आणि चकरी पुढं ढकलली. पण खांडा काही कुंकवानं झाकत नाही. तो मला दिसतो. तिचा डाव मला खेळता येत नाही, कारण तिनं जाता जाता दात सांगून टाकला.

म्हणून चेन मी अजून चढवली नाही. ती पाटावर आहे, दसऱ्याला वाहिलेला झेंडू सुकला तरी तिथंच आहे. रोज सकाळी जाऊन बसतो. आज एक दात पुढं पाहू, उद्या एक दात मागं पाहू, खांड्याच्या बाजूचा तेवढा सोडून. "घाई कायची हाय? कुठं जाचं हाय तुमाले?"

जाचं तं हाय, वच्छे. पण काम बाकी हाय.