पाचवी पोरगी

"भाभीचा आवाज गोड हाये, पन सोनलसारखं मरता येईन काय तिले?"

हे मी जिन्यात ऐकलं, चहाचा ट्रे हातात घेऊन. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. वरच्या खोलीत आमचे हे, म्हणजे गजानन, आणि यांचे दोन मित्र, पवन आणि इरफान. विचारत होता इरफान. मी आत गेले, ट्रे ठेवला. तिघांनीही लगेच कपात तोंड घातलं. मी फारसं बोलत नाही. म्हणून या मंडळींचे किस्से माझ्याकडं साठत जातात. कपाटावर रिकामे खोके साठतात ना, तसे. टाकून देववत नाहीत.

उद्योग असा: रिसोडला इरफानच्या मोबाईलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं बसून हे तिघं एका जपानी कार्टून मालिकेला वऱ्हाडी आवाज देतात आणि नेटवर टाकतात. पाण्याच्या टाकीएवढाले रोबोट, त्यांच्या पोटात बसून लढणारी पोरंपोरी. हीरो एक नंबरचा बावळट, आणि पाच पोरी त्याच्यावर फिदा. हीरोचा आवाज आमच्या यांचा. पोरी एकेक करून युद्धात मरतात. पाचही जणींचा आवाज एकटी सोनल काढायची. पवनची बहीण.

*

सोनलच्या आधी पोरींचे आवाज इरफान काढायचा. बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून रेकॉर्डिंग रजईखाली, तेही भर मे महिन्यात! एकदा राजकन्येचं लाडात येणं चालू होतं, तेवढ्यात खालून गिऱ्हाईक ओरडलं, "भाऊ, चार्जर हाये काय?"

इरफान रजईतूनच, घामानं निथळत, त्याच आवाजात बोलला, "थांबा ना हो, आलेच मी!"

गिऱ्हाईक थांबलं नाही.

*

रोबोट चालतो तो आवाज सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आहे. हे मोबाईल धरून यंत्रापाशी उभे होते. शेतवाल्या काकांनी विचारलं, "काय करून राह्यला बे?"

"काका, महायुद्ध हाये."

"मंग पयले पोते उचलू लाग. आभाय आलं हाये!"

*

एकदा हे घरी जुना भाग ऐकत बसले होते. सासूबाईंनी दाराआडून पोराचा आवाज ऐकला, "तुमा पाचजनीतून मी एकीले कसं निवडू?"

त्या तडक स्वयंपाकघरात आल्या. "सूनबाई, ह्या पाचजनी कोन हायेत व?"

मी म्हटलं, "चौघी मेल्या, आई."

त्यांना जरा बरं वाटलं.

*

त्या चौघी सोनलनंच मारल्या. एक आगीत, एक समुद्रात, दोघी रोबोटसकट. दर वेळी ती रजई फेकून उठायची आणि विचारायची, "कशी मेली मी?"

मग मेडशीजवळच्या वळणावर सोनलची जीप उलटली.

लाल केसांची पाचवी पोरगी तेवढी जिवंत राहिली.

*

मालिका बंद करू, असं हे म्हणाले होते. पवननं ऐकलं नाही. जुन्या रेकॉर्डिंगमधून सोनलचे तुकडे कापून त्यानं पाचवीला बोलतं ठेवलं. "हो." "थांब." "इकडं ये." महायुद्ध पेटलंय आणि बाई तेवढंच बोलते! कुणीतरी खाली लिहिलं, "हे पोरगी लय बोलत होती, आता काहून गप्प झाली?"

पवननं उत्तर दिलं, "तब्येत बरी नाही तिची."

एक तुकडा मात्र त्यानं कधीच लावला नाही. ह्यांनी मला तो एकदा ऐकवला. माइक चालू राहिला होता. जीप गाठायला निघालेली सोनल जिन्यातून खाली उभ्या आईला म्हणते, "येते व माय."

*

त्या मावशी, सोनलची आई, अजून येतात. नवा भाग तयार झाला की जिना चढून वर, दाराशी बसायचं. पडद्याकडं बघत नाहीत, नुसता कान देतात. भाग संपला की म्हणतात, "आज बरी बोलली माही पोरगी." रोबोटचं त्यांना काही कळत नाही. मागच्या खेपेला उठता उठता त्यांनी विचारलं, "हे पाचवी त मरत नाही ना रे?"

"नाही व माय," पवन म्हणाला.

मरते. शेवटच्या भागात. सगळ्यांना बाहेर ढकलते आणि रोबोटचं दार आतून लावून घेते. त्याआधी हीरोशी लांबलचक बोलणं आहे, शेवटी किंकाळी आहे, मग पडदाभर पांढरा उजेड. एवढं सोनलच्या तुकड्यांतून निघेना. म्हणून मी.

रविवारी मला रजईखाली बसवलं, पडदा दिसेल एवढी फट ठेवून. माइक चालू केला, आणि न सांगता मावशी आल्या. दाराशी बसल्या. त्यांना खाली जा म्हणायला तिघांपैकी एकाचीही जीभ उचलेना. पवन भिंतीकडं तोंड करून उभा. पडद्यावर लाल केसांच्या पोरीनं दाराला हात घातला. मावशींनी पदर तोंडाशी धरला.

इरफान कुजबुजला, "भाभी, मरा न!"

मी रजई बाजूला सारली.

"मी नाही मरत. दार लागलं की सगळे आवाज बंद करा. अन् पवनभाऊ, तिचं 'येते व माय' लावा."