निंबाची तुळई

आमच्या थोरल्या साडूंच्या खळ्यात शिरलेला ओंडका शिरला तसाच बाहेर पडला, असं धरणगाव तालुक्यात आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्याची फळी होते, खांब होतो, पाट होतो, अगदीच गाठाळ निघाला तर उभा फुटून चुलीचं सरपण होतं. पण तो काहीतरी होतोच. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना एवढा उरक नाही. पाहुणा ओट्यावर येऊन बसला तर त्याच्याशी बोलायला कुठून सुरुवात करावी हे त्यांना सुचत नाही. ते टोपी काढतात, डोकं खाजवतात, पुन्हा टोपी घालतात आणि शेवटी म्हणतात, "चाला, खयामा एक लाकूड दखाडस." सगळं गाव त्यांना नाना म्हणतं आणि मीही म्हणतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अंगावर नवा सदरा होता आणि जावयाच्या थाटात पाणी येण्याची वाट पाहत होतो. पाण्याच्या आधी माझ्या हातात दोर आला. "पाहुणा, पहिले हाऊ दोर धरा. पानी मंग पिसूत." दोराच्या दुसऱ्या टोकाला बाभळीचं खोड होतं. त्या सदऱ्याला लागलेला चीक आजतागायत निघालेला नाही.

तरुणपणी ते जिनिंगमध्ये फिटर होते. तिथून आले ते घरची जमीन कसायला, पण बोटांना लागलेली यंत्राची खोड काही सुटली नाही. त्यांच्या खळ्यातलं एकही यंत्र दुकानातून जसं आलं तसं राहिलेलं नाही. पेट्रोलवरचं कटर त्यांनी जुन्या खाटेच्या लोखंडी पट्ट्यांवर असं बसवलंय, की ते रुळावरून ढकलत नेलं की ओंडक्याची सरळ फळी उतरते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक आडवा टाकून त्याच्या तोंडाशी नांगराच्या फाळाची पाचर लावलीय; मध्ये लाकूड ठेवून मोटार चालू केली की ते आधी कण्हतं आणि मग फाटकन दोन होतं. बांधावरचे ओंडके ओढून आणायला पॉवर टिलर, आणि ते उचलायला बोअरमधली मोटार वर काढायची तीन पायांची उंच लोखंडी घोडी, तिला चेन आणि पुली. बैलजोडी विकल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला त्यांनी टिलर धुतला, त्याच्या दांड्यांना हिंगूळ लावला, बैलांच्या गळ्यातली घागरमाळ त्याला बांधली आणि मारुतीच्या पारापर्यंत चालवत नेला. गाव हसलं. हे हसले नाहीत. घरी येऊन अक्कांनी (या माझ्या थोरल्या मेव्हण्या) मुकाट्यानं टिलरला ओवाळलं आणि पुरणपोळी पुढे ठेवली. टिलर काही खाईना, तेव्हा त्याच्या वतीनं नानांनीच ती खाल्ली.

लाकूड वाळलं की नाही हे ओळखायची त्यांची एकच रीत. बोट दुमडून लाकडावर टकटक करायची आणि कान द्यायचा. ओलं लाकूड बद्द बोलतं, वाळलेलं खणखणीत. ही रीत त्यांनी आपल्या एकुलत्या एका लेकीला, वैशालीला, ती फ्रॉकमध्ये असल्यापासून शिकवलेली. बाप फळीवर टकटक करी आणि ती ओट्यावरून, पाठ फिरवून, "वलं" (ओलं) किंवा "वाळेल" (वाळलेलं) म्हणून सांगे. तिचं कधी चुकलेलं मला आठवत नाही. बापलेकीत याहून जास्त बोलणं मी ऐकलेलं नाही, आणि याहून जास्त प्रेमही कुठे फारसं पाहिलेलं नाही.

या वैशालीसाठी स्थळ पाहायला आम्ही नरडाण्याला गेलो होतो. घर चांगलं, मुलगा शिकलेला, माणसं मोकळी. चहापोहे झाले, शेतीवाडीची चौकशी झाली आणि नाना कुठे आहेत म्हणून पाहतो तर ते घरामागे एका पडलेल्या बाभळीपाशी उकिडवे बसून तिच्यावर टकटक करत होते. व्याह्यांनी, म्हणजे अजून न झालेल्या व्याह्यांनी, विचारलं, "काय दखी राह्यनात?" तर म्हणाले, "हाई बाभूळ कोनले देवानी शे का?" स्थळ पसंत पडलं आणि बाभूळही मिळाली. परतताना ती आमच्या भाड्याच्या जीपच्या टपावर होती आणि मुलगा कसा वाटला याबद्दल नानांनी वाटेत एक अक्षरही काढलं नाही. बाभळीबद्दल मात्र ते धरणगावपर्यंत बोलत होते.

लग्नाची तिथी लवकरची निघाली. लेकीला आपल्या हातचं काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी त्याच बाभळीचा दिवाण करायला घेतला. लाकूड ओलं होतं. ते त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण तिथी थांबत नाही आणि बापाचा जीव तर मुळीच थांबत नाही. दिवाण झाला मोठा देखणा. रुखवतात बायका त्याच्यावरून हात फिरवत होत्या. पुढे नरडाण्याच्या उन्हात तो हळूहळू पीळ घेऊ लागला. आधी एक पाय उचलला, मग फळ्यांमध्ये फटी पडल्या, आणि एका दुपारी घरात पाहुणे बसलेले असताना मधली फळी मोडून खुद्द व्याही खाली बसले. लागलं कुणालाच नाही. पण व्याह्यांचा स्वभाव गमत्या, ते आल्यागेल्याला सांगू लागले, "लाकूड आमनं, करनी त्यासनी." माणूस वाईट नव्हता, हसण्यावारी नेत होता. पण सासरी बापाचं झालेलं हसं ऐकत स्वयंपाकघरात उभं राहणं काय असतं, ते लेकीलाच विचारावं.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधून खेळतात, गातात. दिवाळी चुकली तरी चालते, आखाजी चुकत नाही. पण आपल्या पायानं यायचं नसतं. माहेरचा माणूस मुराळी होऊन आणायला जावा लागतो. नानांच्या अंगणातला निंब हा सबंध गल्लीचा झोक्याचा निंब. दिवाण मोडला त्या वर्षी वैशाली आखाजीला आली, झोक्यावर बसली नाही, आणि सांजोऱ्या तळत असलेल्या आईसमोर बापाला म्हणाली, "नाना, घाई तुम्ही करतस आन् हसं मनं व्हस." घाई बापाची, हसं लेकीचं. नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि ते खळ्यात निघून गेले. त्या दिवशी त्यांनी कुठलंच यंत्र चालू केलं नाही.

पुढच्या वर्षी, आखाजी तोंडावर आलेली असताना, संध्याकाळच्या वादळात तो निंब मुळासकट आडवा झाला. वखारवाला दुसऱ्याच दिवशी दारात हजर. नानांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. टिलर, दोर, घोडी, चेन सगळं लावून खोड स्वतः खळ्यात नेलं. मी त्या रविवारी जळगावहून गेलो होतो, दोर अर्थातच माझ्या हातात होता. कटर रुळावर चढवून त्यांनी त्या खोडाचे दोन खांब आणि एक तुळई काढली. वाळताना चिरू नये म्हणून तुळईच्या दोन्ही टोकांना शेण फासलं, खाली पट्ट्या घातल्या, वर गोणपाट टाकलं. "झोकानी शे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मग आखाजीला होईल ना? वैशालीला आणायला कधी जायचं?" तर मान हलवून म्हणाले, "घाई माले एकदाव नडनी. आते लाकूड सांगी तवय करसू."

इथून जो घोळ झाला, तो आमच्या नानांच्याच घरी होऊ शकतो. झोका नाही, म्हणून त्यांनी मुराळी धाडला नाही. "बिगर झोकानं आंडेरले कसं बलावानं?" झोक्याशिवाय लेकीला कसं बोलवायचं, असं त्यांचं म्हणणं. अर्धं काम कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी अक्कांना आणि मला शपथ घातलेली, त्यामुळे तुळईची गोष्ट नरडाण्याला कुणी कळवली नाही. तिकडे वैशालीनं आपल्या मनाशी धरलं, की आपण बोललो ते नानांना लागलं, ते रागावले, म्हणून आणायला कुणी आलं नाही. अक्का रोज फोनवर बोलत. ती म्हणे, नानांनी बोलावलं तर येईन. हे म्हणत, झोका होऊ दे. दोघांच्या मध्ये एक निंबाचं लाकूड वाळत पडलेलं. दुसरी आखाजी आली, तीही तशीच गेली. गल्लीतल्या लेकी दुसऱ्याच्या दारात झोका खेळल्या आणि अक्कांनी केलेल्या सांजोऱ्या आमच्या घरी जळगावला डब्यातून आल्या. आम्ही त्या खाल्ल्या, पण चव लागली नाही. नाना दर आठवड्याला तुळई उलटत, गोणपाट नीट करत, बोट दुमडून टकटक करत आणि काही न बोलता घरात येत.

तिसऱ्या आखाजीच्या आधी अक्कांचा मला फोन आला. आवाज नेहमीचाच, पण त्यात आता वाट पाहणं नव्हतं. "भाऊ, त्यासनं लाकूड काय वाळत नही. तुम्हीच मुराळी व्हा नि आंडेरले लई या." मी शपथेचं काढलं. त्या म्हणाल्या, "शपथ मना माथावर." बायकोनं तोवर माझी पिशवी भरलीच होती.

सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं नरडाण्याला उतरलो. वैशालीच्या घरी ओसरीत तो दिवाण अजून होता. एका पायाखाली वीट, मोडक्या फळीच्या जागी पत्रा, आणि त्यावर वाळवणाचे पापड. तो टाकून दिलेला नव्हता, हे पाहून मला बरं वाटलं. वैशालीनं पाणी दिलं आणि समोर उभी राहून विचारलं, "काका, तुमले नानानी धाडं का?" खोटं बोलावंसं फार वाटलं. म्हटलं, "नाही. तुझ्या आईनं." ती पापड उलटत राहिली. मग मी शपथ मोडली. निंबाचं खोड, दोन खांब, तुळई, शेण, गोणपाट, दर आठवड्याचं उलटणं, सगळं सांगितलं. पापड उलटणारा हात थांबला. "झोकानी तुळई?" ती म्हणाली. "माले कोनी सांगं नही." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बाहेर आली ती बॅग घेऊनच. व्याही दारापर्यंत पोचवायला आले, दिवाणाकडे पाहून नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठावर आलं असावं, पण ते नुसतंच म्हणाले, "नानाले नमस्कार सांगजा."

आम्ही पोचलो तेव्हा नाना खळ्यात लाकूड फोडत होते. पाचर अर्धी आत गेलेली. त्यांनी लेकीला पाहिलं आणि मोटार बंद केली. अर्धवट फुटलेलं लाकूड यंत्रात ठेवून माणसासाठी मोटार बंद केलेली मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिली. "उनी का?" ते म्हणाले. "हा," ती म्हणाली. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि कोपऱ्यातली लोखंडी घोडी ओढायला लागले. मी न सांगता दुसरा पाय धरला. अंगणात, जिथे निंब होता त्याच जागी, ती उभी केली, पाय नीट रोवले, चेनच्या आकड्याला दोर अडकवला, खाली फळी बांधली आणि स्वतः दोनदा लोंबकळून पाहिलं. पुलीत तेल सोडलं. "बस," म्हणाले.

तो झोका काही फार उंच जात नव्हता आणि प्रत्येक हेलकाव्याला चेन खणखण वाजत होती. गल्लीतल्या बायका जमल्या, आधी हसल्या, मग एकेक बसू लागल्या, आणि मग गाणी सुरू झाली. अक्का दारात सांजोऱ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

दुपार कलल्यावर वैशाली खळ्यात गेली. मी आणि नाना मागोमाग. तिनं गोणपाट बाजूला केलं आणि बोट दुमडून तुळईवर टकटक केली. मला लाकडातलं फारसं कळत नाही, पण तो आवाज मलासुद्धा कळला. खणखणीत. लाकूड कधीच वाळलं होतं, बहुधा मागच्या आखाजीच्याही आधी. तुळई उभी केली असती तर मुराळी धाडावा लागला असता, आणि मुराळी एकटाच परत आला असता तर? नाना मान खाली घालून चपलेनं भुसा सारखा करत होते. वैशालीनं बापाकडे पाहिलं, पुन्हा एकदा टकटक केली, कान दिला आणि म्हणाली, "आजून वलं शे, नाना."

नाना पुढे झाले. मग तुळईवर गोणपाट ओढत म्हणाले, "हा. पुढली आखाजीले देखसूत."

त्यानंतर दर आखाजीला नरडाण्याला मीच जातो, आणि आता मला नानाच धाडतात. चैत्र संपत आला की "आंडेरले लई या," असा त्यांचा फोन येतो, आणि फोनवर ते तेवढंच बोलतात. हल्ली कटरची दोरी ओढताना त्यांचा हात थरथरतो. खळ्यात नवा ओंडका क्वचितच येतो, टिलर बहुतेक झाकलेलाच असतो. घोडी मात्र त्यांनी यंदा रंगवली. तुळई तिथेच आहे, पट्ट्यांवर, गोणपाटाखाली. दरवर्षी वैशाली तिच्यावर टकटक करते आणि दरवर्षी ती ओलीच निघते.