डावीकडून उघडणारा अंक

स्वरूपा टोकियोत, फुनाबोरी भागातल्या आमच्या इमारतीत राहते. दिवसा एका बँकेत आयटीचं काम करते आणि उरलेला वेळ परग्रहांवर घालवते. इथल्या विज्ञानकथाप्रेमींच्या क्लबात ती एकटीच मराठी. ही जपानी हौशी मंडळी स्वतः लिहून, स्वतः छापून अंक काढतात आणि वार्षिक मेळाव्यात टेबल मांडून विकतात. स्वरूपाला तिथे मराठी अंक मांडायचा होता. "वाचणार कोण?" असं आम्ही इमारतीतल्या सगळ्यांनी विचारून पाहिलं. बाईसाहेबांनी उलट माझ्याकडूनच एक कथा उकळली.

यंदा टेबल मिळालं. अट एकच: मेळाव्याचं दार उघडायच्या आत एक नमुना प्रत आयोजकांना द्यायची, नाहीतर टेबल दुसऱ्या गटाला जाणार.

त्या सकाळी आम्ही स्टेशनाजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गेलो आणि तिथल्या मशीनवर अंक छापले. क्लबचे जपानी अंक छापून स्वरूपाचा हात बसलेला. सवयीने तिने उजवीकडून उघडणारी पुस्तिका निवडली. मेळाव्याच्या सभागृहात बसून घड्या घातल्या, पिना मारल्या, तेव्हा कळलं. जपानी पुस्तकासारखा आमचा अंक उजवीकडून उघडत होता. मराठी वाचकाच्या हाती आधी शेवटचं पान येणार.

"राहू दे गं, पानांवर आकडे आहेत," मी म्हटलं.

"स्नेहलता, पहिलाच अंक आहे. उलटा नाही देणार मी."

ती हट्टी आहे हे मला माहीत होतं, पण इतकी? शेजारच्या टेबलावरून तिने कटर मागून आणला, पिना उपसल्या आणि घडीवर कागद कापून पानं सुटी केली. मग ती क्रमाने लावून डाव्या कडेला पिना ठोकायला लागली. मी पानं जुळवत होते आणि मनात तिला शिव्या घालत होते. बाहेर रांग लागली होती. एक प्रत तयार झाली तशी ती उचलून स्वरूपा आयोजकांकडे धावली. मी तिच्या मागे.

आयोजकांपैकी मोरीसान वयस्कर, शिस्तीचे. त्यांनी अंक घेतला, सवयीने उजवीकडून उघडला आणि पानावरचा आकडा पाहून मान वर केली. "हे शेवटून सुरू होतं का?"

स्वरूपाने अदबीने वाकून त्यांच्या हातातला अंक पालथा केला आणि मुखपृष्ठ समोर धरलं.

"नाही, मोरीसान. आमची सुरुवात इथून होते."

त्यांनी नमुना प्रतीवर मंजुरीचा शिक्का मारला.