अलकाताईंचं नाव आणि रेलिंगची शिफारस

ज्या रिसर्च पेपरवर अलकाताईंनी स्वतः सही केली नसती, त्यावर त्यांचं नाव मी लागू देणार नाही.

आज ताईंची तेरवी झाली. समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरून परत आले आणि सरळ हे लिहायला बसले.

आधी वाटलं, हे इथे ग्रुपवर कशाला? पण ताईंना ओळखणारे बहुतेक जण इथेच आहेत. त्यांना कळायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताईंनी आयुष्यभर मुंग्यांवर काम केलं. अरुंद जागेतून जाताना मुंग्यांची रांग तुंबत कशी नाही, हा त्यांचा विषय.

त्यांच्या ओट्याच्या एका कोपऱ्यावर कुणी फडकं मारायचं नाही. तिथे प्रयोग चालू असायचा. पाहुण्यांच्या चहात साखर बेताची, मुंग्यांना मात्र भरपूर.

काही वर्षांपूर्वी पर्यटनवाल्यांनी त्यांना विचारलं. एका धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी चेंगराचेंगरीची वेळ येते, काही उपाय सुचवा.

ताईंनी फिजिक्सच्या तिवारी भैयांना धरलं, कम्प्युटरच्या मला धरलं. मुंग्या त्यांच्या, धक्काबुक्कीची गणितं भैयांची, सिम्युलेशन माझं.

आम्ही वरून कॅमेरा लावला. प्रत्येक माणूस म्हणजे स्क्रीनवर एक ठिपका.

पायऱ्यांच्या मधोमध रेलिंग टाकलं, दोन रांगा केल्या, की ठिपके सुळकन खाली उतरायचे.

मी खूश. भैया खूश. शिफारस ठरली: मधोमध रेलिंग. पेपर लिहायला घेतला; तो छापून आला की पर्यटनवाले कामाला लागणार होते.

ताई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या.

"काहून वं पोट्टे, हे सगळे एकटेच आले का फिरायले?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाले सासू नाही, लेकरू नाही? तुह्या कम्प्युटरात सगळे अनाथच दिसून राहिले मले."

मी चाळिशी ओलांडलेली बाई. ताईंसाठी शेवटपर्यंत पोट्टीच.

पुढच्या रविवारी त्या आम्हाला धबधब्यावर घेऊन गेल्या. रेलिंगच्या जागी मधोमध दोर बांधायला लावला आणि स्वतः खालच्या वळणावर दगडावर जाऊन बसल्या.

बीरगांवहून आलेलं एक कुटुंब उतरत होतं. पुढे नवरा, त्याचा गमछा धरून बायको, तिचा पदर धरून म्हातारी सासू.

दोरापाशी नवरा-बायको डावीकडे गेले. सासू गर्दीच्या रेट्याने उजवीकडे ढकलली गेली.

पदर ताणला. बायको जागीच थांबली. मागची अख्खी रांग थांबली.

मी ओरडले, "दीदी, छोड़ दो, नीचे मिल जाएँगी!"

"नइ छोड़ंव. गंवा जाही!"

नाही सोडणार, हरवतील त्या. एवढं म्हणून ती गर्दी कापत उलटी वर चढायला लागली. आता वरच्यांना उतरता येईना, खालच्यांना हलता येईना. भैयांनी धावत जाऊन दोर सोडला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

ताई माझ्यापाशी येऊन इतकंच म्हणाल्या, "वरून डोकी दिसतात वं. हात नाही दिसत."

त्यानंतर त्यांनी पेपरमध्ये एक नवा भाग लिहिला. सहलीला आलेली माणसं एकमेकांना धरून चालतात, म्हणून इथे रेलिंगच धोक्याचं ठरू शकतं. मी ठिपके एकमेकांना जोडून सिम्युलेशन पुन्हा चालवलं. रेलिंगच्या तोंडाशी सगळं तुंबलं.

रिव्ह्यूअरने लिहिलं, एका दिवसाच्या निरीक्षणावर एवढा दावा नको. हा भाग काढा, बाकी उत्तम.

त्याला उत्तर द्यायच्या आधीच ताईंच्या किडनीने दगा दिला.

आज जेवणं झाल्यावर भैयांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस. हॉस्पिटलात ताईंपाशी माझ्यापेक्षा जास्त तेच बसले.

"दीदी का नाम सबसे पहले रहेगा. बस वो हाथ वाला हिस्सा हटा देते हैं. पेपर छप जाएगा, उनकी आत्मा को शांति मिलेगी."

"और रेलिंग?"

"पहला मॉडल तो यही कह रहा है ना."

"मॉडल मैंने बनाया है, भैया. जो मैंने डाला, वही कह रहा है."

मी निघाले.

वाटेत स्वतःला विचारत होते. हे मी विज्ञानासाठी करतेय, की ताई गेल्याचं दुःख बोलतंय? त्या असत्या, आमचं कडाक्याचं भांडण झालेलं असतं, तरी मी अशीच अडून बसले असते?

खरं सांगते, माहीत नाही.

रिव्ह्यूअरचंही चुकलेलं नाही. एक दिवस पुरत नाही. ताईंनाही पुरला नसता. मुंग्यांबद्दल एक वाक्य लिहायचं तर त्या पुढचा हंगाम येईपर्यंत थांबायच्या.

पण पुरावा कमी पडला तर आणखी गोळा करायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आणि तो मिळेपर्यंत त्या पायऱ्यांवर लोखंड रोवू द्यायचं नाही.

म्हणून संध्याकाळी दोन मेल लिहिले. संपादकांना: पेपर सध्या मागे घेतो आहोत. पर्यटनवाल्यांना: रेलिंगचं काम थांबवा, आमची शिफारस चुकीची असू शकते.

एकटीने पाठवणं बरोबर नव्हतं. भैयांना फोन करून दोन्ही वाचून दाखवले.

ते म्हणाले, "भेज दो. और सुनो, कैमरा इस बार नीचे लगाएँगे. कमर जितनी ऊँचाई पर."

येत्या रविवारपासून आम्ही दोघं त्या वळणावर बसणार आहोत. पुढचा, त्यापुढचा, लागतील तेवढे रविवार.

ताईंचं म्हणणं चूक निघालं, तर तसंही छापीन. तेव्हा त्यांचं नाव पहिलं असेल. आणि त्याला त्यांची ना नसेल, एवढं मला ठाऊक आहे.

ताई, भरल्या मनाने निरोप देते.

तुमची पोट्टी