बूट आबांचा, खटका तात्यांचा

कळंबच्या म्हाळसेला राग कधी येत नाही, असं कुणी विचारलं तर तिची आईसुद्धा विचारात पडायची. "झोपल्यावर येत नसंल," फुलाबाई म्हणायची, "पन तवाबी दात खातीया." गावानं तर सगळं खापर नावावर फोडलं होतं. खंडोबाची म्हाळसा तापट, मग ही कशी थंड निघावी? हे ऐकूनही म्हाळसेचं डोकं फिरायचं. अहो, फिरणारच! दिवसभर पोरीच्या खोड्या काढायच्या, आणि वर आपणच म्हणायचं, बघा कशी फणफणते.

तर अशी ही निखाऱ्यासारखी पोरगी नेमकी बर्फात गेली. बारामतीच्या कॉलेजात तिनं एनसीसी घेतली, तिथून डोंगर चढायच्या शिबिराला हिमालयात गेली, आणि पायांना लांब पट्ट्या लावून उतारावरून सुसाट येणारी माणसं पाहून येडीच झाली. पुढचे हिवाळे तिनं औलीत काढले. तिथं शिकवणाऱ्या उस्तादांकडं पडेल ते काम करायची, सामान वाहायची, आणि उरलेल्या वेळात स्कीइंग शिकायची. गावाला परत आली की वालचंदनगरच्या कॉलनीतल्या बऱ्या रस्त्यावर चाकांचे बूट घालून सराव करायची. लोक खदाखदा हसायचे. "काय गं, हितं बर्फ कुठं हाय? रसवंतीत? मग गाड्यावरच घसर की!" ती नुसती बघायची. तिच्या त्या बघण्याला मात्र भलेभले वचकून असायचे.

आणि मग तिची राज्याच्या संघात निवड झाली. झालं, हसणाऱ्यांची तोंडं एका रात्रीत गोड झाली. "आपली म्हाळसा", "कळंबची कन्या", आणि काय काय. फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर तिचा फोटो अंगठ्याएवढा, आणि शुभेच्छुकांचे चेहरे परातीएवढे.

तोवर ती भाड्याच्या सामानावर खेळत आली होती. वडिलांनी, कुंडलिकनं, एका संध्याकाळी विचारलं, "तुला लागतंय तरी काय काय?" तेव्हा तिनं त्याला नीट समजावून सांगितलं होतं. पायाच्या मापाचा बूट हवा, तो आधी. मग त्या बुटाला जुळणारी बाइंडिंग. बाइंडिंग म्हणजे पट्टीवरचा खटका. बूट त्यात अडकतो, आणि माणूस वाईट पडलं की खटक्यानं आपणहून बूट सोडून द्यायचा असतो. बुटांचे तळ सारखे नसतात. शर्यतीच्या बुटाचा तळ सपाट आणि टणक, चालत डोंगर चढायच्या बुटाचा तळ रबरी, पुढून वर वळलेला. एकाच्या खटक्यात दुसरा घातला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण पडताना सुटत नाही. आणि खटका किती जोरावर सुटावा, तेही वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळणाऱ्याची तयारी बघून ठरवतात.

"आन न्हाय सुटला तर?" कुंडलिकनं विचारलं.

"नाना, आबासाहेबांच्या रोटाव्हेटरचं काय झालं हुतं?"

आबासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, त्यामुळं ते तर सगळ्या शिवाराला माहीत होतं. ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर माती फोडताना दगडाला अडला की एक बोल्ट मोडतो. तो मोडण्यासाठीच बसवलेला असतो, म्हणजे बाकीचं वाचतं. आबासाहेबांना त्या मोडण्याचा वैताग आला आणि त्यांनी तिथं कधीच मोडणार नाही असा कडक बोल्ट ठोकला. पुढच्याच दगडाला गिअरबॉक्स फुटला.

"म्हंजी ह्यो मोडायचा बोल्ट हाय तर," कुंडलिक म्हणाला. "आन गिअरबॉक्स?"

"माजा गुडघा."

औलीत तिच्यासोबत शिकणारी हिमाचलची एक पोरगी होती. म्हाळसेपेक्षा वेगवान. एकाकडून उसना बूट, दुसऱ्याकडून उसनी पट्टी. पडली तेव्हा खटका सुटलाच नाही, पट्टी एकीकडं वळली आणि पाय दुसरीकडं. ती आता जिना चढताना कठडा धरते. म्हाळसेनं तिची किंकाळी ऐकली होती, आणि तेव्हापासून खटक्याच्या बाबतीत ती बापाचंही ऐकणार नव्हती.

आता कुंडलिक भोळा माणूस. पोरीचं कौतुक पोटात माईना. निमगाव केतकीच्या बाजारात चहा पिता पिता त्यानं चार लोकांत सांगून टाकलं की पोरीला बूट लागतोय आणि बुटाचा खटका लागतोय. बस. तेवढंच ऐकलं लोकांनी. तळ, माप, वजन हे सगळं चहाच्या वाफेबरोबर गेलं उडून.

त्यात साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर. आबासाहेब जुने संचालक, महिपती तात्या समोरच्या पॅनेलचे. दोघांचं इतकं विळ्याभोपळ्याचं सख्य, की एकानं शाळेला घड्याळ दिलं तर दुसरा घंटा देणार. आबासाहेबांनी ठरवलं, बूट आपण द्यायचा. तात्यांनी ठरवलं, पट्ट्या आणि खटका आपण. एकमेकांना कळू नये म्हणून दोघांनी गुपचूप माणसं पाठवली. आणि जिच्या पायात हे सगळं जाणार, तिला विचारायचं? छे! देणारे काय येडे आहेत?

सत्काराच्या आदल्या दिवशी दोन्ही खोकी घरी आली. म्हाळसेनं बूट बाहेर काढला. सुंदर होता, यात वाद नाही. चालत डोंगर चढायचा, रबरी तळाचा, आणि तिच्या पायापेक्षा चांगलाच मोठा. "आबासाहेब म्हनले मोठाच घ्या, मोजं घालता येत्यात," खोकं आणणारा माणूस कौतुकानं म्हणाला. मग तिनं पट्ट्या पाहिल्या. शर्यतीच्या. खटका फक्त सपाट तळाच्या बुटाचा, आणि त्याचा स्क्रू शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलेला.

"ह्यो इतका कुणी आवळला?"

"तात्यांनीच सांगितलं दुकानदाराला. म्हनले, आपल्या पोरीचा पाय अजिबात सुटता कामा न्हाय!"

म्हाळसेनं ती पट्टी इतक्या जोरात खाली ठेवली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"पाय सुटता कामा न्हाय! अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी? नाना, ह्यातलं एकबी मी घालनार न्हाय. उस्ताद मला जुळलेला सेट देत्यात भाड्यानं, त्यो घालीन."

माणूस गेल्यावर कुंडलिक तिच्याजवळ येऊन बसला. "बाय माजे, डोकं थंड ठेव. आपला ऊस उभा हाय. तोडीचा नंबर आबासाहेबांच्या हातात. उद्या निवडनुकीत तात्या आलं, तर तात्यांच्या हातात. दोघंबी म्हनत्यात, बर्फातला फोटो पायजे, आमचं सामान दिसाया पायजे. घाल की एक डाव."

"एक डाव घातलं तर शर्यतीतबी घालावं लागंल, नाना. सगळं गाव मोबाईलवर बघनार हाय. दुसरं सामान दिसलं की तुमच्याच दारात येत्याल."

"मग घाल. न्हाय पडलीस म्हंजी झालं."

हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच, पण पाणी. "रोटाव्हेटर कळला तुमाला, नाना. पोरगी न्हाय कळली," एवढं बोलून ती आत गेली. कुंडलिक रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं मांडव. मधे म्हाळसा, एका अंगाला आबासाहेब, दुसऱ्या अंगाला तात्या. हार झाले, नारळ झाले, भाषणं तर संपता संपेनात. मग आबासाहेब माइकवर म्हणाले, "आता आपली कन्या आमी दिलेला बूट घालून दाखवंल." तात्यांनी लगेच माइक ओढला, "आन आमी दिलेल्या पट्टीवर हुबी ऱ्हाईल!"

म्हाळसा उठली. "आबा, तात्या, तुमचं उपकार हायत. पन ह्यो बूट ह्या खटक्याचा न्हाय. ह्यांचा मेळ बसत न्हाय."

आबासाहेब हसले. मांडवाकडं बघत म्हणाले, "आता बुटाची आन चिमट्याची काय पत्रिका जुळवायची व्हय?" मांडव खो खो हसला.

आणि म्हाळसेचा तोल गेला. गेला तो बरंच झालं.

"जुळवायला पायजे, आबा! लग्नाला छत्तीस गुन बघता, आन पोरीला काय पायजे ते तेवढं इचारत न्हाय. हितंबी तेच केलंत!"

हसणं थांबलं. तिनं बूट पायात घातला, पट्टीवर पाय ठेवला आणि अंगातलं सगळं बळ लावून टाच दाबली. रबर करकरलं, खटका बसला. कुणीतरी टाळी वाजवली. तिनं वाकून बुटाची बक्कलं उघडली आणि पाय वर घेतला. बूट एवढा मोठा, की पाय अलगद बाहेर आला आणि बूट तिथंच राहिला, पट्टीवर ठाण मांडून.

"हं. आबा, बूट तुमचा, तुमी बूट धरा. तात्या, पट्टी तुमची, तुमी पट्टी धरा. आता पिळा. मी पडले समजा. पिळा जोरात!"

माघार कोण घेणार? सगळं गाव बघत होतं. दोघांनी दोन टोकं धरली आणि लागले पिळायला. आबासाहेबांचा फेटा सरकला, तात्यांच्या कपाळाला घाम सुटला. एकाला वाटलं दुसरा मुद्दाम सोडत नाही, म्हणून तोही चेकाळला. मांडवात पुन्हा हशा पिकला, बायकांनी पदर तोंडाला लावले. बूट काही सुटेना.

म्हाळसा माइकपाशी गेली. आवाज चढवला नाही.

"हसू नगा. त्या बुटात माजा पाय हाय."

तात्यांच्या हातातली पट्टी खाली आली.

"आबा, तुमी रोटाव्हेटरला कडक बोल्ट ठोकला, गिअरबॉक्स फुटला, दुसरा आनला. माजा गुडघा कुठल्या दुकानातनं आनशीला?"

कुंडलिक खुर्च्यांच्या मागं उभा होता, मान खाली घालून. तो मधल्या वाटेनं पुढं आला, स्टेजवर चढला आणि दोघांच्या हातांतून बूट आणि पट्टी काढून घेतली. एवढ्या मोठ्या माणसांच्या हातातून तो पहिल्यांदाच काही काढून घेत होता. "चल पोरी," म्हणाला, "गाडी चुकंल."

ती गेली ती उस्तादांकडच्या भाड्याच्या जोडीवर खेळली. बूट तिच्या पायाचा, खटका बुटाचा, स्क्रू तिच्या वजनाचा. कुंडलिकनं मोबाईलवर पाहिलं. दुसऱ्या उतारावर तिच्या पट्ट्या दोन दिशांना फाकल्या, म्हाळसा कोलमडली, गरगरत खाली गेली. फुलाबाईनं तोंडावर हात घेतला. तेवढ्यात पट्ट्या पायातून सुटून बाजूला उडाल्या. म्हाळसा थांबली, उठून बसली, अंगावरचा बर्फ झटकला आणि बहुतेक कुणालातरी शिवी हासडली. मग पट्ट्या गोळा करायला तरातरा वर चालत गेली.

ऊस त्या वर्षी शेवटी तुटला, वाळून अर्धा झाल्यावर. कुंडलिकनं ते कुणापाशी बोलून दाखवलं नाही.

पण एकदा निमगावच्या त्याच चहाच्या दुकानात, दोन्हीकडची माणसं बसलेली असताना, कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय कुंडलिकराव, एवढा तमाशा करून पोरगी आली कितवी?"

कधी आवाज न चढवणाऱ्या कुंडलिकनं पेला असा आपटला की चहा सगळ्यांच्या अंगावर उडाला.

"चालत आली!" तो ओरडला. "सवताच्या दोन पायांवर चालत आली घरी. आजून काय पायजे तुमाला?"