आमचा कवी दुःखीच

चौथीत दोनदा नापास झालो आणि शाळेनं माझा नाद सोडला. पुढं जन्मभर कोल्हापुरात रिक्षा हाकली. आता लेक ड्रोहेडाच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, म्हणून मी आयर्लंडात. ती ड्युटीवरनं येईपर्यंत नातीचा होमवर्क माझ्या गळ्यात.

नात इंग्रजीत विचारती, मी मराठीत ठोकून देतो. तिचं मला निम्मं कळतं, माझं तिला सगळं कळतं, घोटाळा तिथंच. कविता आली की मी डोळे मिटून सांगायचो, "कवी दुःखी आहे." एकदा त्यावर वहीत स्टार मिळाला. मग काय, ढगाची कविता असो नाहीतर बदकाची, आमचा कवी दुःखीच!

एकदा तिनं न्यूग्रेंजचं विचारलं. हितनं जवळच आहे ते, फार जुन्या काळची दगडामातीची टेकडी. हिवाळ्यात सगळ्यात लहान दिवस असतो, तेव्हा उन्हाची तिरीप आतल्या बोळातनं पार टोकापर्यंत जाती. मी म्हटलं, "अगं, हा तर आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव! देऊळच ते. मूर्ती चोरीला गेली असणार."

"शुअर, आजोबा?"

"मी शाळेत मास्तर होतो गं!"

तोंडातनं निघून गेलं. शाळेच्या फाटकापर्यंत रिक्षातनं पोरं सोडायचो, एवढंच माझं मास्तरपण.

वर्गात बाईंनी सांगितलं, ते थडगं आहे. नात उठून भांडली. माझे आजोबा टीचर आहेत, ते म्हणतात देऊळ. पोरं हसली तशी ही म्हणाली, शाळेत आजी-आजोबांचा दिवस असतो तेव्हा ते येतील, त्यांनाच विचारा.

तो दिवस आला. चहा-बिस्किटं झाली. बाईंनी अगदी आदरानं पुस्तक माझ्या हातात दिलं, तुम्ही टीचर ना, न्यूग्रेंजचं हे पान मुलांना वाचून दाखवा म्हणाल्या. मी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला, कोटाचे दोन्ही चाचपले.

"ग्लासेस... होम!"

वर्ग खदाखदा हसला. मला वाटलं, सुटलो. नात तेवढी हसत नव्हती. ती माझ्या कपाळाकडं बघत होती. चष्मा तिथं होता.

ती उठली. माझ्या हातातनं पुस्तक घेतलं. आजोबांचे डोळे दुखतात, म्हणाली, आणि स्वतःच वाचायला लागली. ते थडगं आहे, हे वाक्यसुद्धा तिनंच वाचलं, सगळ्यांसमोर, न अडखळता. पोरं कोपरानं एकमेकांना ढोसत होती. मी चहाच्या रिकाम्या कपात बघत बसलो.

घरी येताना म्हटलं, "मूर्ती सापडली का गं?" ती दप्तर सावरत दोन पावलं पुढं चालायला लागली.

संध्याकाळी तिनं वही काढली, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. कविता होती. विचारलं काहीच नाही. शेवटी मीच म्हटलं, "कवी दुःखी असंल बघ."

मान वर न करता म्हणाली, "नो, आजोबा. धिस वन इज हॅपी."

मी कपाळावरचा चष्मा काढून खिशात घातला.